कुलमुखत्यार परमेश्वर

परमेश्वरावरील श्रद्धेची मोजदाद करावयाची झाल्यास लोक प्रथम देवळाकडे, मग इस्पितळाकडे आणि परीक्षांच्या हंगामात शाळेकडे वळतील. परंतु निखळ, अव्यभिचारी आणि अष्टौप्रहर जागती अशी श्रद्धा ज्याला खरोखर पाहावयाची असेल, त्याने महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, एकही गिऱ्हाईक नसलेल्या एखाद्या लहानशा किराणा दुकानात जावे, असे माझे नम्र मत आहे. देवळात येणारा भक्त आपले मागणे मांडून तासाभरात देवाला विसरतो. इस्पितळातील आप्तांची श्रद्धा रोग्याच्या तापाबरोबर चढते आणि त्याच्याबरोबरच उतरते. विद्यार्थ्यांच्या श्रद्धेला तर छापील वेळापत्रकच असते. बुडत्या दुकानाच्या मालकाला मात्र अशी चैन परवडत नाही. सकाळी शटर वर केल्यापासून रात्री कुलूप लावीपर्यंत त्याला देवाची निकड असते आणि कुलूप लावल्यानंतर ती अधिकच तीव्र होते, कारण दिवसा वहीत न सापडणारे आकडे रात्री अंथरुणावर पडल्यावर आढ्यावर स्वच्छ दिसू लागतात.

आमच्या आळीच्या तोंडाशी असे एक दुकान आहे आणि त्याच्या मालकांना सारी आळी ‘शेठ’ म्हणते. पेशवाई बुडाल्यावर कित्येक घराण्यांकडे जशा सनदा राहिल्या आणि गावे गेली, तसा या गृहस्थांकडे किताब राहिला असून उत्पन्न गेले आहे. मालाची आवक, गिऱ्हाइकांची बुद्धी, घाऊक व्यापाऱ्यांचा संयम आणि समोर नव्यानेच उघडलेल्या प्रशस्त, वातानुकूलित दुकानाचे भवितव्य, अशी धंद्याची झाडून सारी सूत्रे त्यांनी केव्हाच परमेश्वराच्या हवाली केली असून त्याला आपला कुलमुखत्यार नेमले आहे. या मुखत्यारपत्राला मुद्रांक नाही, त्यावर साक्षीदार नाहीत आणि मुखत्याराची सही तर नाहीच. किंबहुना नेमणुकीपूर्वी त्याची संमती विचारल्याचा कोणताही कागद दप्तरी आढळत नाही. पण नेमणूक पक्की आहे, आणि दुकानात काही बरेवाईट घडले, विशेषतः वाईट घडले, की त्याचा जाब याच मुखत्याराकडे मागावा, असा शेठचा सक्त दंडक आहे.

या मुखत्याराची कचेरी गल्ल्याच्या बरोबर वर, एका लांबट फळीवर आहे. तेथे कमळातली लक्ष्मी, गणपती, तिरुपतीचा बालाजी, कोल्हापूरची अंबाबाई, अक्कलकोटचे स्वामी, शिर्डीचे साईबाबा आणि विठ्ठल-रखुमाई असे सारे अधिकारी दाटीवाटीने बसलेले आहेत. यांतील बहुतेक तसबिरी मुळात दिनदर्शिका होत; वर्ष संपले की तारखांचा भाग फाडून वरचे चित्र चौकटीत बसवावयाचे, ही दुकानाची जुनी वहिवाट. मात्र दिनदर्शिका भेट देणाऱ्या पेढीचे नाव देवाच्या पायाशीच छापलेले असल्यामुळे पाय कापल्यावाचून ते कापता येत नाही, आणि पाय कापणे धर्माला मंजूर नाही. परिणामी लक्ष्मीच्या कमळाखाली तेलाचा घाऊक व्यापारी, बालाजीच्या चरणांशी चहाची एजन्सी आणि उंदराच्या शेजारी साबणाचा वितरक, अशी शेठच्या सर्व धनकोंची नामावळी तेथे सोनेरी अक्षरांत विराजमान झाली आहे. रोज सकाळी शेठ या फळीपुढे हात जोडून उभे राहतात आणि डोळे घट्ट मिटून घेतात. ते भक्तीने मिटतात की खालची नावे दिसू नयेत म्हणून मिटतात, हे विचारण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

सकाळचा विधी पाहण्यासारखा असतो. उंबऱ्यावर पाणी शिंपडले जाते. मग उदबत्ती पेटते आणि ती प्रथम तसबिरींना, नंतर तराजूला, वजनांना, गल्ल्याला आणि शेवटी लाल कापडी बांधणीच्या उधारीच्या वहीला ओवाळली जाते. अलीकडे मोबाइलवरून रक्कम जमा झाली की तिची मोठ्याने वर्दी देणारा एक बोलका डबाही दुकानात आला आहे. तो दिवसाकाठी फार थोडे बोलतो, आणि जे क्वचित बोलते त्याच्या ठायी दैवी अंश असावा, या न्यायाने शेठनी त्यालाही फळीवर, स्वामींच्या डाव्या हाताला, जागा दिली आहे. उदबत्तीनंतर भवानीची वाट पाहणे सुरू होते. दिवसाची ही पहिली विक्री रोखीनेच झाली पाहिजे, याबाबतीत शेठ कमालीचे करारी आहेत. शेजारचा मुलगा आगपेटीसाठी आला की त्याच्या हातातील नाणे ते दोन्ही डोळ्यांना व कपाळाला लावून गल्ल्यात सोडतात. मग मात्र कडक नियमांची मुदत संपते आणि उधारीचा दरवाजा दिवसभर सताड उघडा राहतो. शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधली जाते. ती घेऊन येणारा पोरगा उधार देत नाही आणि सबबीही ऐकून घेत नाही. त्या दुकानाच्या उंबऱ्यावर दर आठवड्याला नियमितपणे रोखीने होणारा असा तो एकमेव व्यवहार आहे.

दैनंदिन कारभारात मुखत्याराचा उपयोग कसा केला जातो, याचा एक मासला देतो. गेल्या आषाढात, एकादशीच्या आदल्या दिवशी, आमच्या शेजारच्या वहिनी दुकानात आल्या.

“शेठ, साबुदाणा आहे ना?”

“संपला, वहिनी.”

“अहो, उद्या एकादशी! आज येणार आहे का?”

“पांडुरंगाच्या मनात असलं तर येईल.”

ज्याच्या नावाने उपवास करावयाचा, त्याच्याच अंगावर साबुदाण्याची आवक टाकण्याचा हा प्रकार पाहून वहिनी क्षणभर स्तिमित झाल्या आणि मग रस्ता ओलांडून समोरच्या वातानुकूलित दुकानात शिरल्या. पांडुरंगाच्या मनात काय होते, ते अशा रीतीने पाच मिनिटांत उघड झाले. शेठनी मात्र त्याचा अर्थ असा लावला की, देव आपली परीक्षा पाहत आहे.

तेलाच्या व्यापाऱ्याचा वसुलीचा माणूस आला म्हणजे याच तत्त्वज्ञानाला अधिक उंची प्राप्त होते. “दोन महिने झाले, शेठ. काहीतरी द्या,” असे तो खिडकीशी सायकल टेकवीत म्हणतो. “देव देईल हो,” असे शेठ शांतपणे उत्तरतात. “मग देवाचा पत्ता द्या, मी तिकडेच जातो,” असे तो माणूस म्हणतो, आणि शेठ बोट वर करून फळी दाखवतात, जेथे लक्ष्मीच्या पायाखाली त्याच्याच मालकाचे नाव झळकत असते. या पुराव्यापुढे वसुलीदार निरुत्तर होतो, चहा घेतो आणि पुढच्या सोमवारचा वायदा घेऊन निघून जातो.

नफ्यातोट्याच्या वाटणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. दिवाळीच्या आठवड्यात रवा, मैदा, साखर, तूप यांचा उठाव झाला की शेठ हनुवटी किंचित वर करून म्हणतात, “माल वेळेवर भरला होता आपण.” पुढे माघ-फाल्गुनात गल्ला रिकामा राहू लागला की तेच शेठ हनुवटी तितकीच खाली आणून म्हणतात, “त्याची मर्जी.” म्हणजे नफ्याचा कर्ता मी आणि तोट्याचा कर्ता तो. 1932 च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदारांनी नफा आणि तोटा दोन्ही समभागाने वाटून घ्यावयाचे असतात. तेव्हा ही भागीदारी कोणत्याही न्यायालयात क्षणभर टिकणार नाही. राजस्थानातील व्यापारी याबाबतीत आमच्यापेक्षा सरळ म्हणावयाचे. चितोडगडच्या मुलखात मंडफिया येथे सांवलिया सेठ नावाचे श्रीकृष्णाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. कित्येक व्यापारी त्या देवाला आपल्या धंद्यात भागीदार करून घेतात आणि नफा झाला की ठरलेला हिस्सा त्याच्या दानपेटीत नेऊन टाकतात. तेथे देव स्वतःच शेठ आहे. आमच्याकडे शेठ शेठच राहतो आणि देव बिनपगारी गुमास्ता होतो.

देवांची स्वतःची सांपत्तिक स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. फळीवरच्या बालाजीची कथा अशी सांगतात की, पद्मावतीशी झालेल्या विवाहाच्या खर्चासाठी त्याने कुबेराकडून कर्ज काढले आणि भक्तांनी हुंडीत टाकलेल्या द्रव्यातून ते अद्याप फिटत आहे. युगेच्या युगे व्याज भरणाऱ्या या ऋणकोपुढे आपला साबणाच्या बिलाचा प्रश्न मांडणे औचित्याला धरून आहे काय, असा संशय एखाद्याला येईल. शेठना तो येत नाही. “ज्याने कर्ज काढलंय, त्यालाच कर्जाचं दुःख कळतं,” असे ते म्हणतात, आणि या विधानात दोष काढणे मला आजवर जमलेले नाही.

वर्षातून एकदा, श्रावणात, दुकानात सत्यनारायण होतो. या व्रतकथेचा एक नायक वाणी असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. साधुवाणी नावाचा तो सधन व्यापारी अपत्यप्राप्तीसाठी नवस बोलतो. कन्या झाल्यावर ‘हिच्या लग्नात करू’ म्हणून पूजा पुढे ढकलतो. लग्नाच्या गडबडीत विसरतो. आणि परिणामी जावयासह चंद्रकेतू राजाच्या बंदिशाळेत पडतो. हप्ते थकविण्याची ही कला शेठ दर वर्षी भटजींच्या तोंडून अत्यंत एकाग्रतेने ऐकतात. पुढे नौकेत काय भरले आहे, असे संन्याशाच्या वेषातील देवाने विचारताच साधुवाणी ‘वेली आणि पाने’ असे खोटे जाहीर करतो आणि त्याच्या धनाची खरोखरच वेली-पाने होतात. मालाची खोटी नोंद देणाऱ्यास जागच्या जागी, अपिलाची मुभा न ठेवता, इतकी समर्पक शिक्षा देणारा अंमलदार जकातीच्या इतिहासात पुन्हा झाला नसावा. पण शेठचे लक्ष तेथे नसते. ते प्रसादाकडे असते. कारण सव्वाच्या मापाने लागणारा रवा, साखर, तूप आणि केळी हे सारे दुकानातीलच असते, आणि इतका माल एका दिवशी दुकानाबाहेर पडण्याचा तो वर्षातील बहुधा एकच प्रसंग असतो.

तीर्थप्रसादाला आळी लोटते. शेठ स्वतः द्रोण भरून देत असतात आणि रांगेतील प्रत्येकाला नावानिशी हाक मारतात, कारण ती सर्व नावे वहीमुळे त्यांना मुखोद्गत असतात. मास्तर, कंपाउंडर, गिरणीवाला, पोस्टातले कारकून, वरच्या मजल्यावरच्या काकू, सारे भक्तिभावाने हात पुढे करतात. शिऱ्याचा दुसरा द्रोण मागणारे आणि वहीत तिसरे पान भरणारे यांच्यात मला एक विलक्षण साम्य आढळले. ‘शेठ, शिरा अप्रतिम!’ असे सगळे म्हणतात. ‘शेठ, माझी बाकी किती?’ असे कोणी म्हणत नाही. पूजेच्या दिवशी व्यवहार काढणे अशुभ असते.

शेठचे खरे बळ मात्र संतवाङ्मयात आहे. दुकान आणि देव यांचा संबंध या महाराष्ट्रात नवा नव्हे. आमचे कितीतरी संत धंदेवाईक गृहस्थ होते आणि देवाने त्यांच्या धंद्यात बिनदिक्कत हात घातलेला आहे. सेना न्हावी पूजेत रमले, तेव्हा त्यांचे रूप घेऊन देव राजाची हजामत करून आला. नरहरी सोनारांकडे विठ्ठलाच्या कंबरेचा करगोटा करावयाचे काम आले, तेव्हा तो एकदा सैल आणि एकदा घट्ट होऊन देवाने त्यांना हैराण केले. हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाचा इतका जुना दाखला दुसरा नाही. नामदेवांना वडिलांनी कापड विकण्यास बाजारी धाडले, तर त्यांनी ते धोंड्यांना उधार दिले आणि एका धोंड्याला जामीन धरून घरी आणले. पुढे तो जामीन सोन्याचा झाला, असे कथा सांगते. शेठनीही जन्मभर अशाच गिऱ्हाइकांना उधार दिले आहे. जामिनाचे सोने होणे तेवढे बाकी आहे.

त्यांचा सर्वांत आवडता दाखला तुकोबांचा. देहूच्या या घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. 1630 च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आणि पुढे तुकोबांनी लोकांच्या कर्जाची खते भाऊ कान्होबाबरोबर निम्मी वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. “बघा, सगळं पाण्यात सोडलं आणि मोकळे झाले,” असे शेठ गहिवरून म्हणतात. येथे एक बारीक मुद्दा त्यांच्या नजरेतून निसटतो. इंद्रायणीत गेलेली खते ही लोकांकडून तुकोबांना येणे असलेल्या रकमेची होती. स्वतःला देणे असलेल्या रकमेची बिले नदीत सोडून कोणी संतपदाला पोहोचल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि नुसत्या वायद्यांवर तर मुळीच नाही. उलट, नाथांची कथा पाहा. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिवा लावून वह्या तपासत बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवते झाले. गुरूंनी त्या टाळीतच त्यांचा अधिकार ओळखला. देवावर भार टाकणाऱ्याने आधी पै-पैचा मेळ घालावा, असा या कथेचा स्पष्ट निर्वाळा आहे. शेठना ती कथा ठाऊक आहे. परंतु नाथांच्या काळी वीज महाग नव्हती, असे त्यांचे म्हणणे पडते.

येथवर शेठची थट्टा करणे सोपे होते. परंतु गेल्या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर स्वस्तिक काढून झाले, लाह्या-बत्तासे वाटून झाले आणि जुन्या वहीतील बाक्या नव्या वहीत ओढण्यासाठी शेठनी मला वाचून दाखविण्याच्या कामाला बसविले, तेव्हा त्या कुलमुखत्यारपत्राची दुसरी बाजू माझ्या दृष्टीस पडली. एका पानावर साडेतीन वर्षांपूर्वी वारलेल्या एका गृहस्थांचे नाव होते आणि त्याखाली त्यांच्या पत्नीने महिन्याच्या महिन्याला नेलेले तांदूळ, डाळ आणि चहा. एका पानावर गिरणी बंद पडलेल्या कामगाराचे घर होते. एका पानावर मुलीच्या लग्नाची साखर होती; मुलीला आता मुलगा झाला असून त्याच्या बारशाची साखर तिच्याखाली आली होती. “ही बाकी पुढे ओढायची का?” असे मी प्रत्येक वेळी विचारीत होतो, आणि शेठ प्रत्येक वेळी “ओढा, देईल तो” असे म्हणत होते. ‘तो’ म्हणजे गिऱ्हाईक की पांडुरंग, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. मला वाटते, त्या दोघांतील भेद त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला असावा.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, आणि विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन देवाने त्या धान्याचा पैसा भरून पावती आणली, ही कथा आपण सारे डोळे पुसत ऐकतो. आमच्या शेठनी बादशहाचे नव्हे, स्वतःचे कोठार मोकळे केले, तेही दुष्काळ नसताना आणि कोणी धन्य म्हणत नसताना. देवावर सर्व हवाला ठेवणारा दुकानदार आळशी असतो, हिशेबात कच्चा असतो आणि साबुदाणा वेळेवर भरीत नाही, हे सारे खरे आहे. पण तो देवावर जे टाकतो, त्यातील मोठा भाग मुळात त्याने आपल्यावर टाकलेला असतो, आणि आपण तो उचलला नाही म्हणूनच तो वर, फळीवर, जाऊन बसतो. माणसांनी थकविलेल्या बाकीचे दुसरे नाव श्रद्धा, असा या दुकानाचा ताळेबंद मला दिसला.

तेव्हा वाचकहो, आपल्याही आळीच्या तोंडाशी असे एखादे दुकान असेल आणि त्यातील वहीत आपलेही एखादे पान असेल, तर पांडुरंगाला पुन्हा एकदा विठू महाराचे सोंग घ्यावयास लावू नका. आज दिवेलागणीला स्वतः जा, बाकी विचारा आणि ती रोख द्या. शेठ नोटा डोळ्यांना लावतील आणि सारे श्रेय फळीवरच्या मंडळींना देतील. त्याचा विषाद मानू नये. मात्र सुटे परत मागण्याच्या भरीस पडू नका, कारण ते त्यांच्याकडे असणार नाहीत.